कठडा काढला की अख्खी खोलीच पाळणा होते

दोन-सव्वादोन वर्षांचं लेकरू एका रात्री पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकतं आणि दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसते. आई म्हणते, आता पलंगावर झोपवू. बाबा मोबाइलवर छोट्या पलंगांच्या किमती पाहू लागतात. आजी म्हणते, "अजून लेकरूच आहे न ते, काऊन घाई करून राहिले तुम्ही?" या तिघांत बहुतेक वेळा आजीचंच बरोबर असतं असं माझं मत आहे, फक्त तिच्या मनातलं कारण वेगळं असतं.

पाळणा म्हणजे इथे बारशाचा हलता पाळणा किंवा साडीची झोळी नव्हे. दुकानात 'बेबी कॉट' म्हणून मिळतो तो, चार पायांवर उभा, चारही बाजूंनी गजांचा कठडा असलेला. नागपुरात बरीच मुलं असल्या पाळण्यात कधी झोपतच नाहीत, सरळ आईबाबांच्या मधे झोपतात. त्यांच्या घरीही पुढचं बरंचसं लागू पडेल, कारण वेगळं झोपवायची वेळ तिथेही येतेच.

कठडा दोन कामं करतो. झोपेत लोळणाऱ्या मुलाला खाली पडू देत नाही, आणि जागं झालेल्या मुलाला बाहेर येऊ देत नाही. पलंग घेताना सगळ्यांचं लक्ष पहिल्या कामाकडे असतं. बाजूला आडवी पट्टी लावली, खाली गादी टाकली, झालं. जोखीम मात्र दुसऱ्या कामात आहे. दीड फुटावरून पडलेलं मूल रडतं आणि बहुधा थोड्या वेळात पुन्हा झोपतं. पहाटे तीनला एकटं उठून अंधारात चालू लागलेलं मूल कुठवर जाईल, हे कठडा काढेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पलंग कोणता घ्यायचा हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की कठडा निघाल्यावर मुलाला अडवणारी हद्द कुठे असणार? ती खोलीच्या दारापर्यंत सरकते. त्या दाराच्या आत जे जे त्याच्या हाताला लागेल, ते सगळं आता त्याच्या पाळण्यात आहे असं धरून चालायचं.

वय विचारू नका, उंची मोजा

"किती वर्षांचा झाला की काढायचं?" याचं सरळ उत्तर नाही, पण उंचीचं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की मूल ३५ इंचांचं, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटरचं झालं, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या उंचीच्या पाऊणपटीपेक्षा कमी भरू लागला, की पाळणा सोडायची वेळ आली. घरी पाहायची सोपी खूण म्हणजे छाती. मूल पाळण्यात ताठ उभं असताना कठड्याची वरची कड त्याच्या स्तनाग्रांच्या खाली गेली असेल, तर थोडा जोर लावून ते स्वतःला पलीकडे लोटू शकतं. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे असं मूल पायांवर उतरत नाही, डोक्यावर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे ८७ सेंटिमीटर आणि मुलीची ८६ च्या आसपास आहे. अडीच वर्षांना हेच आकडे ९२ आणि ९१ च्या घरात जातात. म्हणजे बरीचशी मुलं दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान ही रेघ ओलांडतात, आणि लहान चणीची त्यानंतर. उंची अंगणवाडीत मोजून मिळते, बालरोगतज्ज्ञांकडेही मिळते. घरी मोजायची तर मुलाला टाचा भिंतीला लावून उभं करा, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरा आणि भिंतीवर खूण करा. कठड्याची उंची मोजताना मात्र फरशीपासून मोजू नका, गादीच्या वरच्या पातळीपासून मोजा.

या मोजणीच्या आधी एक साधी गोष्ट तपासायची असते आणि ती हमखास राहून जाते. बहुतेक पाळण्यांचा तळ दोन-तीन पातळ्यांवर बसवता येतो. मूल तान्हं असताना उचलायला सोपं जावं म्हणून तो वरच्या खाचेत बसवलेला असतो आणि तसाच राहतो. पाना घ्या, तळ सगळ्यात खाली घ्या. पाळण्यातल्या उश्या, लोड, मोठी मऊ खेळणी काढा, कारण त्यांच्यावर चढून उंची मिळते. पाळणा टेबलाला, कपाटाला किंवा मोठ्या पलंगाला लागून असेल तर तोही दूर करा. एवढ्यावरच कित्येक घरांत प्रश्न काही महिने पुढे जातो.

हे सगळं करूनही मूल बाहेर येतच असेल तर वयाचा विचार सोडा. दीड वर्षाचं असलं तरी त्याला खाली घ्या. पाळण्याच्या कठड्यावरून फरशीवर पडणं हे गादीवरून घरंगळण्यापेक्षा कितीतरी वाईट. पण चढतही नसेल आणि उंचीही भरली नसेल, तर थांबा. तीन वर्षांपर्यंत थांबता आलं तर उत्तमच.

घाई का नको

२०१९ साली 'स्लीप मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतल्या, दीड ते तीन वर्षांच्या जवळपास दोन हजार मुलांच्या झोपेबद्दल त्यांच्या पालकांना विचारलं होतं. पाळण्यात झोपणारी मुलं लवकर झोपी जात होती, रात्री कमी उठत होती आणि एकूण जास्त वेळ झोपत होती. यावरून पाळण्यामुळेच झोप चांगली लागते असं सिद्ध होत नाही. मुळात चांगलं झोपणाऱ्या मुलाला पाळण्यातून काढायची गरजच कमी पडते, हेही कारण असू शकतं. शिवाय त्या देशांतली घरं आपल्यासारखी नाहीत. तरीही 'पलंगावर गेला की नीट झोपेल' या आपल्याकडच्या समजुतीला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही. पाळण्यात नीट न झोपणारं मूल पलंगावर बहुधा आणखीच कमी झोपतं.

कारण मेंदूच्या वाढीत आहे. स्वतःला आवरून धरण्याचं काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो आणि तो तयार व्हायला पंचविशी उजाडते. दोन वर्षांच्या मुलाला "उठायचं नाही हं" हे शब्द कळतात, तो मानही हलवतो, आणि अर्ध्या मिनिटात दारात उभा असतो. तो खोटं बोललेला नसतो. डोळ्यांना दिसणारा कठडा त्याला थांबवतो. शब्दांनी आखलेला कठडा धरून ठेवण्याइतकी ताकद अजून आलेली नसते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ती हळूहळू येऊ लागते, म्हणून वाट पाहण्यात फायदा.

दुसरं कारण झोपेच्या घडणीत आहे. रात्रीची झोप सलग नसते, ती आवर्तनांनी येते. मोठ्यांचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं, लहान मुलांचं त्याहून छोटं, तासाभराच्या आसपासचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते, क्षणभर जाग येते, आजूबाजूचं सगळं जागच्या जागी असेल तर मूल पुन्हा झोपेत जातं आणि सकाळी त्याला काही आठवतही नाही. तुम्ही रात्री आपल्या पलंगावर झोपलात आणि मध्यरात्री हॉलच्या फरशीवर जागे झालात, तर कूस बदलून पुन्हा झोपाल का? मुलाचंही तसंच आहे. झोप लागताना आईचा हात पाठीवर होता, दिवा चालू होता, अंगाईगीत सुरू होतं, आणि जाग आली तेव्हा यातलं काहीच नाही, तर तो ते शोधायला निघतो. पाळण्यात असताना शोध रडण्यापुरता असायचा. पलंगावर त्याला पाय फुटतात.

नागपूरकरांनी यात कूलरची भर घालावी. मार्च ते जूनच्या शेवटापर्यंत रात्रभर कूलरची घरघर कानात असते आणि मुलाची झोप त्या आवाजावर बसते. पाऊस स्थिरावला, कूलर बंद झाला, की चांगलं झोपणारं लेकरूही आठ-दहा दिवस रात्री उठतं. नेमक्या त्याच आठवड्यात पलंग आणला तर दोष पलंगाला लागतो.

खोली त्याच्या उंचीवरून पाहा

एकदा स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरा. जरा विचित्र दिसतं, पण उभ्याने जे दिसत नाही ते तिथून दिसतं.

आपल्या शहरात पहिली नजर कूलरकडे जायला हवी. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात कूलरशिवाय उन्हाळा काढा असं सांगण्यात अर्थ नाही. पण पत्र्याचा कूलर, आत पाणी आणि पाण्यात बुडालेला पंप हे मिश्रण धोक्याचं आहे. कूलरचा शॉक बसून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांत मुलंही असतात. आतापर्यंत लेकरू रात्रभर कठड्यात होतं, आता ते घामेजल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी कूलरपर्यंत जाऊ शकतं. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. कूलर तीन पिनांच्या प्लगवरच चालवा. मुख्य फळीवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट कुठे गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. तो बसवलेला असेल तर महिन्यातून एकदा त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का ते पाहा. पाणी भरताना बटण बंद करा आणि प्लगही काढा, नुसतं बटण पुरत नाही. जमत असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, हवा आत आणि पत्रा बाहेर. पलंगाचा हा सगळा खटाटोप कूलरच्या दुरुस्तीने सुरू झाला तर मला त्यात काहीच चूक वाटत नाही.

त्यानंतर दार. आपल्याकडच्या दारांना आतून खाली कडी असते आणि दोन वर्षांच्या मुलाला ती लावता येते, उघडता येतेच असं नाही. मूल आत कोंडलं, बाहेर आईबाबा घाबरेघुबरे, शेवटी दार तोडलं, ही गोष्ट प्रत्येक वस्तीत कुणाकडे ना कुणाकडे घडलेली असते. ती खालची कडी काढूनच टाका. बाहेरून कडी लावून मुलाला आत बंद करणं हा मात्र उपाय नाही. आग लागली तर ते जीवघेणं ठरेल, आणि रोज रात्री कोंडून झोपवलेलं मूल झोपेलाच घाबरायला लागतं. त्यापेक्षा दाराच्या चौकटीत सुताराकडून जाळीचं छोटं फाटक करून घ्या. मूल दिसतं, त्याचा आवाज येतो आणि ते बाहेर पडत नाही. फाटक नको असेल तर दाराला वर, त्याच्या हाताला न लागेल अशा ठिकाणी घुंगरं बांधा. दार हललं की तुम्हाला जाग येईल.

बाथरूमला बाहेरून वरची कडी हवी, आणि रात्री भरलेली बादली आत ठेवू नये. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं. डोकं खाली गेलं तर बादलीतून स्वतःला बाहेर काढण्याची ताकद त्याच्यात नसते. नळ ठरावीक वेळीच येतो म्हणून बादल्या आणि ड्रम भरून ठेवणाऱ्या घरांनी हे विशेष पाळावं. ड्रमला घट्ट झाकण हवं. गच्चीच्या जिन्याचं आणि घराचं मुख्य दार वरच्या कडीने बंद असावं.

खोलीतलं कपाट आणि पुस्तकांचं शेल्फ भिंतीला क्लॅम्पने आवळा. कप्पे उघडून त्यांवर पाय देत मूल चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. टीव्ही टेबलावर नुसता ठेवलेला असेल तर तोही. पलंग खिडकीखाली नको, कारण गजांची खिडकी म्हणजे मुलाच्या दृष्टीने शिडी. पडद्याची लोंबती दोरी कापा. मच्छर पळवणाऱ्या द्रवाची बाटली खालच्या प्लगात असते, ती वर हलवा. बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे रात्रीचा छोटा दिवा किंवा खेळणं अशा बॅटरीवर चालत असेल तर झाकणाचा स्क्रू घट्ट आहे का ते बघा.

पलंग, दिवाण की खाली गादी

सध्या जमिनीलगतच्या पलंगाची फॅशन आहे, 'मॉन्टेसरी बेड' नावाने. मारिया मॉन्टेसरी बाईंनी मुलांसाठी जमिनीलगतचं अंथरूण सुचवलं होतं हे खरं आहे. पण छपराच्या आकाराची लाकडी चौकट लावून हजारो रुपयांना विकायचं त्यांच्या डोक्यात नसणार. आपल्या घरांत खाली सतरंजी आणि वर कापसाची गादी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. गादी खाली असेल तर पडण्याचा प्रश्नच मिटतो, आणि बहुतेक फ्लॅटसाठी मी तीच सुचवेन. दिवसा गादी उचलून उभी करा, आठवड्यातून एकदा उन्हात टाका, नाहीतर पावसाळ्यात खालून ओल धरते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर उतरलं होतं हेही लक्षात असू द्या. थंडीत फरशी आणि गादीच्या मधे चटई, सतरंजी, घोंगडी असे दोन-तीन थर हवेत.

पण सगळ्याच घरांना खालची गादी सुचवता येत नाही. शहराच्या कडेला, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि झाडोरा असलेल्या तळमजल्यावरच्या घरांत पावसाळ्यात साप-विंचू निघतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते. दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे झोपेत तो कळतही नाही. अशा घरी पायांचा पलंग किंवा खाट घ्या, ती भिंतीपासून फूटभर दूर ठेवा आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. तिने डास अडतात, सापांपासूनही बऱ्यापैकी रक्षण होतं. दाराखालची फट रबरपट्टी लावून बंद करा.

पलंगाची उंची गादी धरून दीड फुटाच्या आत असली तर बरं. बाजूला लावायची सुटी आडवी पट्टी दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वापरू नये. पट्टी आणि गादी यांच्यामधल्या फटीत शरीर घसरून डोकं अडकू शकतं. दोन वर्षांनंतर वापरायची तर ती गादीला घट्ट चिकटलेली हवी. पलंग भिंतीला लावला असेल तिथेही हाच नियम: एकतर फट अजिबात नको, नाहीतर चांगली फूटभर मोकळी जागा. बोटभर-वीतभर फट सगळ्यात वाईट. मोठ्या भावंडासाठी दुमजली पलंग असेल तर वरचा मजला सहा वर्षांच्या आत नाही, हट्ट केला तरी नाही.

उशी पातळ. मेणकापडावर सुती चादर. कुशीत घ्यायला ओढणी किंवा बाहुली चालेल. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे विदर्भातल्या लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल सोबत घेऊन झोपायचा हट्ट मात्र आपल्याकडची मुलं हमखास करतात. बैलाला पलंगाशेजारी स्टुलावर 'झोपवायचं'. चाकांचा बैल झोपेत अंगाखाली आला की रात्र गेलीच म्हणून समजा.

कोणता महिना

मे महिना टाळा. मे महिन्यात नागपुरात कुणीच आपापल्या जागी झोपत नाही. कूलरच्या खोलीत सगळ्यांच्या गाद्या ओढल्या जातात, कुणी गच्चीवर जातं, रात्री वीज गेली की पुन्हा सगळी हलवाहलव. 'ही तुझी जागा' असं ज्या दिवसांत म्हणायचं, त्या दिवसांत ती जागा जागेवर तरी हवी. पोळा उरकल्यापासून दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंतचा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पाव्हणे कमी, हवा बरी, रोजचा दिवस एका लयीत. घर बदलणं, नर्सरी सुरू होणं, शी-शूची सवय लावणं यातलं काही चालू असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्या. दोन नव्या गोष्टी एकदम अंगावर आल्या की मूल दोन्हींत मागे जातं.

दुसरं बाळ येणार असेल तर हा प्रश्न हमखास निघतो, कारण पाळणा बाळाला हवा असतो. आपल्याकडे बाळंतपण माहेरी झालं तर गुंता आणखी वाढतो. आई सहा-सात महिन्यांची गरोदर असताना थोरलं लेकरू तिच्यासोबत अमरावतीला किंवा यवतमाळला आजीकडे जातं, तिथे तिच्या कुशीत झोपतं, तीन-चार महिन्यांनी नागपुरात परततं, आणि घरी आपल्या पाळण्यात भलतंच कुणीतरी. बदल करायचाच असेल तर माहेरी जाण्याच्या निदान दोन महिने आधी करा. नाहीतर परत आल्यावर काही महिने जाऊ द्या. नवजात बाळाला सुरुवातीला हा मोठा पाळणाच लागतो असं नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी छोटा पाळणा नात्यात कुठून तरी मिळतोच. थोरल्याचा पाळणा त्याच्यासमोर बाळाला देऊ नका. मधे काही आठवडे तो सुटा करून माळ्यावर टाका, मग काढा.

पहिल्या रात्री

झोपेची एकूण गरज आधी पाहा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागतात, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दुपारी साडेचारपर्यंत झोपलेलं मूल रात्री साडेआठला झोपणार नाही, मग ते पाळण्यात असो की पलंगावर. आणि घरात साडेनऊला जेवणं, समोर मालिका चालू, त्यात मुलाने एकट्याने खोलीत जाऊन झोपावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. निदान पहिले काही आठवडे टीव्हीचा आवाज कमी, दिवे मंद.

क्रम रोज तोच ठेवा: हातपाय धुणं, दूध, दात घासणं, गोष्ट, दिवा. क्रम घड्याळापेक्षा महत्त्वाचा, कारण दोन वर्षांच्या मुलाला आठ वाजल्याचं कळत नाही, गोष्टीनंतर दिवा जातो हे कळतं. पहिल्या रात्री पलंग पाळण्याच्याच जागी ठेवा, तीच चादर, तोच कोपरा. काही पाळण्यांची एक बाजू काढता येते. तुमच्याकडे तसा असेल तर नवा पलंग घ्यायची मुळीच घाई करू नका.

मग तो उठून येणार. दोन-तीन दिवस शहाण्यासारखा झोपला तरी चौथ्या दिवशी येणार, कारण आता येता येतं हे त्याला तोवर कळलेलं असतं. आला की हात धरा, परत न्या, पांघरूण घाला, "झोपायची वेळ झाली" एवढंच म्हणा आणि निघा. रागवू नका, समजावू नका, पुन्हा गोष्ट नाही. बहुतेक घरांची गाडी इथेच अडते. नऊ वेळा परत नेलं आणि दहाव्यांदा दमून मोबाइल हातात दिला, तर मूल काय शिकतं? दहा वेळा यावं लागतं, एवढंच. कधी मिळतं, कधी मिळत नाही असं बक्षीस नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त चिवट सवय लावतं. म्हणून सुरुवातीलाच घरातल्या सगळ्यांनी, आजी-आबांसकट, एकच उत्तर ठरवायचं. आबांच्या खोलीत गेलं की बिस्कीट मिळतं हे लेकराला दुसऱ्याच रात्री कळतं.

मूल खरोखर घाबरलं असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवा. दोन ते तीन या वयात कल्पनाशक्ती वाढते आणि अंधाराची भीतीही नव्याने येते. जवळ बसा, मंद पिवळा दिवा लावा, झोप लागू लागली की खुर्ची रोज थोडी दाराकडे सरकवा. काही मुलं झोप लागून तास-दोन तास झाल्यावर किंचाळत उठतात, डोळे उघडे पण ओळख नाही. याला इंग्रजीत 'नाइट टेरर' म्हणतात, ते वाईट स्वप्न नव्हे. मूल त्या वेळी पूर्ण जागं झालेलं नसतं. त्याला हलवून उठवू नका, लागू नये एवढं पाहा. ते आपोआप शांत होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक युक्ती १९९९ साली अमेरिकेत काही मुलांवर तपासली गेली आणि उपयोगी ठरली. रोज झोपताना मुलाच्या हाती एक कार्ड द्यायचं. ते देऊन एकदा बाहेर येता येतं, पाणी मागायला, मिठी मारायला. कार्ड वापरलं की त्या रात्रीपुरतं संपलं. एकदा येण्याची मुभा हाती असल्यामुळे मुलं उलट कमी वेळा येतात. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला की झालं कार्ड.

आणि आईबाबांच्या पलंगावर? वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर झोपवण्यात गुदमरण्याचा धोका असतो, तिथे तडजोड नको. दोन वर्षांच्या निरोगी मुलाबाबत हा धोका फार कमी झालेला असतो. तिघंही नीट झोपत असाल तर वेगळं झोपवायलाच हवं असं कोणतंही शास्त्र सांगत नाही. कुणाचीच झोप होत नसेल तर बदला. शेजारची अमकी तिच्या मुलाला स्वतंत्र खोलीत झोपवते, हे मला कारण वाटत नाही.

पडलाच तर

लोळून खाली येण्याचा प्रसंग येतोच. डॉक्टर डोक्याच्या माराचा अंदाज घेताना दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी तीन फुटांवरून पडणं गंभीर धरतात, त्यापुढच्या मुलासाठी पाच फुटांवरून. घरातला बुटका पलंग याच्या बराच खाली असतो. लगेच रडलं, थोड्या वेळात खेळू लागलं, टेंगूळ आलं, तर कापडात गुंडाळून बर्फ लावा आणि लक्ष ठेवा. वेळ झोपेची असेल तर झोपू द्या. मात्र शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, नाक-कानातून पाणी किंवा रक्त आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, उठवूनही नीट उठत नसेल किंवा वागणं वेगळंच वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रिकामा झालेला पाळणा

तो नात्यात पुढे देण्याची आपली रीत चांगली आहे, पण देण्याआधी तो तपासा. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तान्ह्याचं शरीर त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. एक बाजू खाली-वर सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, कारण ती बाजू निसटून फट पडते आणि तीत बाळं अडकून दगावली होती. आपल्याकडे असे जुने पाळणे अजूनही फिरतात. गादी आणि कठडा यांच्यामधे दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, हरवलेल्या नटाऐवजी तारेने आवळलेलं काही नको. यात नापास झालेला पाळणा कुणाला देऊ नका. भंगारवाल्याकडे देतानाही कठडे मोडून द्या, नाहीतर तो पुन्हा जोडून कुणाच्या तरी घरी उभा राहतो.